खिडकीतून आलेले हात

बाईंनी मला एकदाही "छान झालंय" असं म्हटलं नाही. फारच खूश असल्या तर म्हणायच्या, "त्रुटी नाहीत." ते दोन शब्द ऐकायला मला सात आठवडे लागले.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी नारायण पेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात, मागच्या बाजूला भाड्याने घेतलेल्या टेबलावर बसून एका केटररची वेबसाइट करत होते. आयटीतली नोकरी सोडून मला चार महिने झाले होते. स्वतःचा डिझाइन स्टुडिओ काढायचा असं घरी जाहीर केलं होतं, आणि तो स्टुडिओ म्हणजे ते टेबल. समोर करड्या रंगाच्या सुती साडीतल्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी, हातात सहा इंची स्टीलची पट्टी.

"वेबसाइट आपण करता?"

"हो. बसा ना मॅडम. कशाची करायचीय?"

"मॅडम निवृत्त झाल्या. बाई म्हणा. चित्रांची करायची आहे. पोर्टफोलिओ."

"कोणाच्या चित्रांची?"

बाईंनी सावकाश मागे वळून पाहिलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. "इथे माझ्याशिवाय आणखी कोणी दिसतंय का आपल्याला?"

त्यांचं वय सदुसष्ट होतं. ते त्यांनी न विचारता सांगितलं, कारण नंतर त्यावरून वेळ जायला नको. एका कलादालनाने नवोदित चित्रकारांच्या प्रदर्शनासाठी अर्ज मागवले होते. बाई सगळी चित्रं पिशवीत घालून तिथे स्वतः गेल्या होत्या. टेबलावरच्या मुलीने फोनमधून मान न काढता सांगितलं, "आंटी, लिंक पाठवा." बाई बाहेर आल्या, बसस्टॉपवर बसल्या, आणि शेजारच्या कॉलेजच्या मुलीला विचारून लिंक म्हणजे काय ते समजून घेतलं. मग थेट माझ्याकडे.

"पण बाई, नवोदित म्हणजे ते लोक जरा तरुण..."

"नियमावलीत वयाची अट नाही. मी तिन्ही पानं वाचली आहेत. आपण वाचलीत?"

मी वाचली नव्हती. त्यांनी पिशवी उघडली आणि टेबलावर एक-एक कागद मांडायला लागल्या.

सगळे हात होते. फक्त हात. मनगटाच्या थोडं वरपर्यंत, पेन्सिलने काढलेले, खऱ्या हाताएवढे. एक हात दुसऱ्या थरथरणाऱ्या हाताला मनगटापाशी आधार देणारा. एका अंगठ्याला शाई लागलेली आणि ती पुसायला जागा न मिळाल्यामुळे तो बाकीच्या बोटांपासून दूर धरलेला. एका बाईच्या मनगटावर बांगड्या काढल्यानंतरचा फिकट पट्टा. नोकरीत असताना मी शेकडो पोर्टफोलिओ पाहिले होते. त्यातला एकही आठवत नव्हता. हे पहिले दहा हात मला आजही डोळे मिटून सांगता येतील.

बाई तीस वर्षं एका सरकारी कचेरीत खिडकीवर होत्या. दरवर्षी नोव्हेंबरात निवृत्तिवेतन घेणारी म्हातारी माणसं हयातीचा दाखला द्यायला येत. म्हणजे आपण जिवंत आहोत हे येऊन दाखवायचं आणि सही करायची, नाहीतर अंगठा. खिडकीची काच धुरकट होती आणि खाली अर्धगोल भोक होतं. त्या भोकातून हात आत यायचे. बाई दिवसभर ते बघायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उरकून आठवणीने काढायच्या. कागद म्हणजे छपाई बिघडलेल्या फॉर्मांची मागची बाजू. ते रद्दीत जाणारे फॉर्म घरी न्यायला त्यांनी साहेबांकडे रीतसर अर्ज केला होता. मंजुरीचं पत्र अजून त्यांच्याकडे होतं. तेही त्यांनी मला दाखवलं, उगाच नंतर प्रश्न नको म्हणून.

बाई दर मंगळवारी अकराला येत. दुकानदाराने पहिल्या दिवशी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. तीस वर्षं खिडकीवर बसून त्यांनी समोरच्याचा चहा कधी घेतला नव्हता, आणि ती सवय निवृत्तीबरोबर सुटली नव्हती. त्या स्वतःचा थर्मास आणत आणि झाकणात मलाही ओतून देत. मी घेतलेला त्यांना चालायचा. "आपण सरकारी नाही," म्हणायच्या.

त्या फोनवर काम सांगत नसत. लेखी देत. घरून फूलस्केपवर सुवाच्य अक्षरात लिहून आणलेलं टिपण टेबलावर ठेवत आणि मी वाचेपर्यंत समोर बसून राहत. पहिलं टिपण मी जपून ठेवलंय. "विषय: मुखपृष्ठाबाबत. आपण दाखवलेल्या नमुन्यात चित्रे आपोआप सरकतात. हे हात टेकलेले आहेत. ते कोठेही जात नाहीत. तरी सरकणे बंद करावे. तसेच चित्रावर बाण नेला असता चित्र मोठे होते. कारण कळवावे."

कारण काहीच नव्हतं. तो टेम्प्लेटच तसा होता. मी तो दुसऱ्या दिवशी टाकून दिला.

पुढच्या मंगळवारी मी कागदाच्या मागच्या छपाईचे पुसट ठसे फोटोशॉपमध्ये साफ करून चित्रं एकदम पांढरीशुभ्र करून दाखवली. दोन रात्री घालवल्या होत्या. बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"मागचं कुठे गेलं?"

"ते डाग होते, बाई. काढून टाकले."

"डाग नाहीत ते. तो अर्ज आहे. त्यासाठीच तर हात आत आलाय." मग पट्टीने टेबलावर हलकेच टकटक केलं. "फेरसादर करा."

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. केटरर एका फोनमध्ये होकार द्यायचा आणि इथे मी एकेका हातावर तीन तीन दिवस घालवत होते. पण त्या पांढऱ्या केलेल्या हातांकडे मी पुन्हा पाहिलं तेव्हा ते हॉस्पिटलच्या जाहिरातीतले वाटले. मी गुपचूप ठसे परत आणले.

सगळ्यात मोठं भांडण मापावरून झालं. बाईंचं म्हणणं, चित्रातला हात बघणाऱ्याच्या हाताएवढाच दिसला पाहिजे. मी समजावलं की प्रत्येकाचा स्क्रीन वेगळा असतो, फोन वेगळा असतो, हे कोणालाच करता येत नाही.

"कोणालाच म्हणजे आपल्याला, की कोणालाच?"

त्या आठवड्यात बाई पट्टी घेऊन शहरभर फिरल्या. बसमध्ये शेजारी बसलेल्याला "जरा आपला फोन दाखवता?" म्हणून आमची अर्धवट साइट उघडायला लावायची, स्क्रीनवर पट्टी ठेवायची आणि वहीत लिहायचं. मंगळवारी त्या सव्वीस फोनांची नोंद घेऊन आल्या. एकाही फोनवर माप बरोबर नव्हतं. मला वाटलं, चला, आता ऐकतील.

"सगळ्यांच्या पाकिटात असं काय असतं," बाईंनी विचारलं, "जे सगळ्यांचं एकाच मापाचं असतं?"

मी चिडूनच म्हणाले, "एटीएम कार्ड." आणि म्हणता म्हणता थांबले.

ते जमलं. साइट उघडली की आधी एक रिकामी चौकट दिसते आणि खाली एक ओळ, की आपलं कार्ड स्क्रीनवर ठेवा आणि चौकट तेवढी होईपर्यंत बोटाने ओढा. तेवढं केलं की पुढचे सगळे हात खऱ्या मापाचे दिसतात. फोनवर एका वेळी अर्धाच तळवा मावतो, पण मावतो तो खरा. बाईंनी पट्टी लावून पाहिली, आपला हात शेजारी धरून पाहिला, आणि मग ते दोन शब्द म्हणाल्या. मी दुकानाबाहेर जाऊन उगाच एक चक्कर मारून आले.

'माझ्याविषयी' या पानासाठी मी लिहिलं होतं, की या स्वयंशिक्षित कलाकार असून मानवी भावनांचा शोध हा त्यांचा ध्यास आहे. बाईंनी लाल पेनाने 'स्वयंशिक्षित' खोडलं. "एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षा ए ग्रेड. चित्रकलेच्या बाईंनी घरी येऊन शिकवलंय मला. त्यांचं श्रेय मी का खाऊ?" मग 'ध्यास' खोडलं. मग राहिलेलंही खोडलं.

त्या दिवशी पहिल्यांदा त्या स्वतःबद्दल बोलल्या. चित्रकलेच्या महाविद्यालयात त्यांचा नंबर लागला होता. वडील कारखान्यात कामगार. आजोबांच्या पिढीने धम्म स्वीकारला तेव्हापासून घरात एकच गोष्ट सांगितली जायची, की शिकायचं आणि खुर्चीवर बसायचं. त्याच महिन्यात बाईंना सरकारी नोकरीचं पत्रही आलं. वडील ओरडले नाहीत की रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपल्या घरातलं कोणी अजून खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेलं नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग बसले," बाई म्हणाल्या. "ते चुकीचं नव्हतं. पण आता वडील नाहीत, खिडकी नाही, आणि हात शाबूत आहेत."

पानावर शेवटी त्यांनी लिहिलेलंच गेलं. "मी तीस वर्षे खिडकीवर होते. समोरून हात आले. ते मी काढले."

अर्जाची मुदत आठ दिवसांवर आली तेव्हा पहिल्या पानावर कोणतं चित्र ठेवायचं हे ठरत नव्हतं. म्हणजे माझं ठरलं होतं. पिशवीत एक हात होता, उजवा, अंगठ्याशेजारची दोन बोटं नसलेला. अंगठा आणि पहिल्या बोटाऐवजी अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांच्यात पेन धरलेलं, आणि ते इतकं घट्ट की नखं पांढरी पडलेली. साडेतीनशे हातांत तो एक हात बघणाऱ्याला धरून ठेवायचा.

"हा नाही," बाई म्हणाल्या. "हा ओळखू येईल. बाकीचे कोणाचेही असू शकतात. हा एकाच माणसाचा आहे. त्यांना विचारल्याशिवाय नाही."

"मग विचारू. पत्ता आहे?"

"रजिस्टरातला पत्ता वापरणार नाही. पण एका वर्षी त्यांनी तोंडी सांगितलं होतं, वाघोलीला या कधी, मारुतीच्या देवळामागे. ते चालेल."

आम्ही बसने वाघोलीला गेलो. नगर रस्त्यावरची ती नेहमीची गर्दी, दोन्हीकडे पंधरा-पंधरा मजली इमारती, सगळीकडे फ्लॅटच्या जाहिराती. देवळामागे मात्र दोन टॉवरच्या मध्ये एक बैठं घर तग धरून होतं. दार सुनेने उघडलं. आत बाजेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. डोक्याला टोपी, अंगावर शाल, उजवा हात शालीच्या आत.

"कोण हाय?"

"हयातीच्या दाखल्याची खिडकी," बाई म्हणाल्या.

म्हातारबाबा हसले. "आवाज वळखला. 'सही इथे, घाई नको.' तुमीच न्हवं त्या?"

"मीच."

सुनेने पाणी आणलं. बाईंनी ते घेतलं. मला आश्चर्य वाटलं. त्यांनी येण्याचं कारण नीट, क्रमाने सांगितलं. इंटरनेट म्हणजे काय, तिथे कोणालाही चित्र दिसेल, कायमचं दिसेल, काहीच लपवलं नाही. मग चित्र पुढे केलं. बाबांनी ते डाव्या हाताने घेतलं आणि बराच वेळ पाहिलं.

"बरोबर काढलाय. असंच धरतो मी पेन." त्यांनी चित्र मांडीवर ठेवलं. "आता मला एक सांगा बाई. माझं तोंड कसं हुतं तवा?"

बाईंची नजर चित्रातल्या हातावरच होती.

"मिशी हुती का नव्हती?"

बाईंनी पिशवीचा बंद बोटांभोवती गुंडाळला.

"सोळा वरसं आलो मी. त्या भोकातनं बोलायचं म्हंजी वाकाय लागायचं. मान दुखायची. दर साली वाटायचं, एकदा तरी बाई वर बघतील." त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादी गंमत सांगावी तसं सांगत होते. "न्हाय बघितलं."

मी काहीतरी बोलायला गेले. बाईंनी मला हातानेच थांबवलं.

"एका वर्षी आपली सही कापत होती," त्या म्हणाल्या. "आधीही नाही, नंतरही नाही. त्याच वर्षी. अक्षरं ओळीखाली उतरली होती. मी दुसरा फॉर्म दिला होता."

म्हातारबाबांनी मान वर केली. दारात उभी असलेली सून पदराशी चाळा करायची थांबली.

"तेच साल," ते म्हणाले. "मालकीण गेली त्या साली. मिशी त्याच साली काढली."

बाहेर कुठल्यातरी टॉवरचं काम चालू होतं, त्याचा आवाज येत होता. शेवटी मीच विचारलं, "मग आजोबा, चित्र लावू का?"

"न्हाय," ते म्हणाले. "हा हात मी जन्मभर झाकला, पोरी. लेकाच्या लगनात सुदिक उपरण्याखाली धरला. चित्र खरं हाय, त्यात खोट न्हाय. पर बिनतोंडाचा हात जगात टांगू नका."

"बरं," बाई म्हणाल्या. लगेच. चित्र उचलून त्यांनी बाबांच्याच डाव्या हातात दिलं. "हे आपलं."

परतीच्या बसमध्ये मी मुकाट बसूच शकले नाही. सहा दिवस उरले होते. त्या एका चित्रावर सगळं पान उभं केलं होतं. मी म्हणाले, "बाई, ते आजोबा कधी वेबसाइट बघणार आहेत? स्कॅन माझ्याकडे आहे. कागद दिला तरी..."

"आहे ना? मग आत्ता पुसा."

"अहो बाई..."

"आत्ता."

धावत्या बसमध्ये त्यांनी मला फोनवरून ती फाइल पुसायला लावली. मग विचारलं, आणखी कुठे आहे. मी खरं सांगितलं, लॅपटॉपवर. खरं तर विश्रांतवाडीला घरी जायला त्यांनी वाटेतच उतरायला हवं होतं. त्या माझ्याबरोबर पेठेत आल्या, दुकानात माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि लॅपटॉपवरची फाइल गेलेली, मग कचरापेटीतूनही गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मी तीनदा सुस्कारा सोडला. त्यांनी एकदाही लक्ष दिलं नाही.

पहिल्या पानावर आम्ही शाई लागलेला अंगठा ठेवला. अर्ज मुदतीत गेला. शेवटचं बटण दाबायला मी बाईंना बसवलं. त्यांनी सगळा मजकूर पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला, बटण दाबलं आणि विचारलं, "पोच मिळेल का?" मेल आला, त्याची प्रिंट काढून घेतली आणि घडी घालून थर्मासशेजारी ठेवली.

महिन्याभराने नकार आला. चार ओळी, इंग्रजीत, भरपूर अर्ज आल्याचा आनंद आणि पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. मी तो बाईंना वाचून दाखवला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कारण दिलंय?"

"नाही."

"कारण न देता अर्ज नाकारता येत नाही," म्हणाल्या, आणि तिथेच बसून कलादालनाला पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी एक स्मरणपत्र. मग दुसरं स्मरणपत्र. उत्तर कधीच आलं नाही.

त्यानंतर दोन मंगळवार बाई आल्या नाहीत. तिसऱ्या मंगळवारी मी विश्रांतवाडीला गेले. आळंदी रस्त्याच्या आतल्या गल्लीत दोन खोल्यांचं त्यांचं घर. बुद्धाच्या पितळी मूर्तीसमोर ताजी फुलं, भिंतीला लावलेली कडक इस्त्रीची साडी, आणि जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही इतके कागद. मला वाटलं होतं, बाई खचल्या असतील. बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. समोर विटेला टेकवून आरसा उभा केला होता. कागदांवर सगळीकडे चेहरे होते. एकाच चेहऱ्याचे, त्यांच्या स्वतःच्या, आणि एकही जमलेला नव्हता. एकात डोळे इतके जवळ आले होते की मला हसू आवरेना.

"हसा," बाई म्हणाल्या. "नाक जमत नाही अजून. हाताला हाडं कळतात. चेहऱ्याला कुठून धरायचं तेच कळत नाही."

मी खाली बसले. कागद गोळा करता करता म्हणाले, "बाई, त्यात तुमची काय चूक? ती काचच धुरकट होती. भोक तेवढंच होतं."

"काच धुरकट होती हे खरं," त्या म्हणाल्या. "पण मान माझी होती. वाकवता आली असती."

मी त्यांच्यासाठी चहा केला, त्यांच्याच घरात, आणि तो त्यांनी घेतला.

चार महिने त्यांनी दुसरं काही केलं नाही. भाजीवाली, शेजारच्या आजी, कंडक्टर, मी. मला दोन तास हलू न देता बसवायच्या आणि शेवटी कागद फाडायच्या. मग एक दिवस एकट्याच वाघोलीला गेल्या. परत आल्यावर मला सगळं सांगितलं, तेही लेखी टिपणात नाही, तोंडी. पहिलं चित्र बघून म्हातारबाबा म्हणाले होते, "हा माझा मेव्हणा दिसतोय." दुसरं बघून सून तोंडाला पदर लावून आत गेली. बाई पुढच्या आठवड्यात पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्याही. पाचव्या वेळी म्हातारबाबांनी चित्र दूर धरलं, जवळ धरलं, आणि म्हणाले, "मिशी घाला. मालकीण हुती तवर हुती." बाईंनी मिशी घातली. "हां," ते म्हणाले. "ह्ये लावा जगात. हात माझ्या भिंतीवर हाय, तो तिथंच राहू द्या."

तो साइटवरचा पहिला चेहरा. मी त्याच्यासाठी वेगळं पान केलं. नाक अजून थोडं वाकडं आहे, पण म्हातारबाबांच्या म्हणण्याप्रमाणे ते खरंही वाकडंच आहे.

त्याच आठवड्यात बाईंनी नवं टिपण आणलं. प्रत्येक हाताखाली एक ओळ घालायची होती. "हा हात आपल्या ओळखीचा असल्यास कळवावे. चेहरा काढावयाचा राहिला आहे." मी म्हणाले, साडेतीनशे चित्रांखाली तीच ओळ बरी दिसणार नाही, पानाची सगळी शांतता जाईल. बाई म्हणाल्या, "जाऊ दे." मी साडेतीनशे वेळा ती ओळ घातली.

आता मी बंगळुरूला असते. साइट अजून मीच सांभाळते. तिच्यावर तेवीस चेहरे आहेत. एका छोट्या कलामंडळाने गेल्या वर्षी हात आणि चेहरे शेजारीशेजारी लावून त्याचं प्रदर्शनही केलं, आणि बाईंनी उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांना चित्रांपासून चार पावलं मागे उभं राहायला लावलं. पण मला त्या सगळ्यांपेक्षा पहिला फोन आठवतो.

ती ओळ घातल्यावर दोन महिने काही झालं नाही. मग एका दुपारी एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीने कुठूनतरी साइट उघडली होती. एकशे बारा नंबरचा हात, मनगटावर भाजल्याची चंद्रकोरीसारखी खूण. "माझी आई," त्या म्हणाल्या. "आहे अजून. चौऱ्याऐंशी वर्षांची." मी पत्ता विचारला. विश्रांतवाडी. बाईंच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे.

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे रोज भाजीच्या गाडीवर दिसत असणार." पिशवी उचलली. आम्ही चालतच गेलो.

तळमजल्याचं घर होतं. लेकीने दार उघडलं आणि आईला हाक मारली. आजी आतून भिंतीला धरत धरत आल्या आणि उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. मी नमस्कार केला, माझं नाव सांगितलं, कशासाठी आलोय ते सांगितलं. बाई आजींच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. कपाळ, भुवया, गालाचं हाड, हनुवटी. इतका वेळ बघत होत्या की आजींनी गोंधळून पदर सारखा केला, मग चेहऱ्यावरून हात फिरवला.

"काय झालं गं?" त्यांनी विचारलं. "काही लागलंय का तोंडाला?"

"नाही," बाई म्हणाल्या. "बघतेय."